बहात्तर टक्के

चिमी चौतीस वर्षांची झाली होती, पण तिला अजून चिमी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे तिची ताई. ऑफिसात ती मॅडम होती. ऑफिस तरी कसलं, चार टेबलं, पाण्याचा एक जार आणि मांडीला मांडी लावून बसलेली चार माणसं. लहान दवाखान्यांना लागणारे संगणकाचे प्रोग्राम ते लोक बनवत. दातांच्या डॉक्टरांसाठी एक होता, चष्मेवाल्यांसाठी एक होता, आणि कानाच्या दवाखान्यासाठी जो होता तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चिमीने एकटीने लिहिला होता.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. पेशंट एका बंद खोलीत हेडफोन लावून बसायचा. त्याला एकेक करून पन्नास शब्द ऐकवले जायचे, सगळे तीन अक्षरी. जे ऐकू येईल ते त्याने मोठ्याने म्हणायचं. काचेच्या अलीकडे बसलेल्या चाचणीबाई प्रत्येक अक्षरावर बरोबर किंवा चूक अशी खूण करायच्या, आणि शेवटी किती शब्द अख्खे बरोबर आले याची टक्केवारी पडद्यावर यायची. आत, फाईलमध्ये, तो आकडा एकाहून लहान असायचा. पन्नासातले चव्वेचाळीस बरोबर आले तर ०.८८. दाखवताना त्याला शंभराने गुणायचं आणि पुढे टक्क्याची खूण लावायची, संपलं. तरी पहिल्याच आठवड्यात चिमीने त्यात घोळ घातला होता. तिने स्वतः शंभराने गुणलं, आणि टक्के म्हणून दाखवायची जी तयार सोय असते तीसुद्धा आपण होऊन शंभराने गुणते हे ती विसरली. चाचणीबाईंचा फोन आला.

"मॅडम, इथे एक आजोबा बसलेत. तुमच्या मशीनच्या मते त्यांना आठ हजार आठशे टक्के ऐकू येतंय. घरच्यांना काय सांगू, जपून बोला म्हणून?"

चिमीने हे घरी सांगितलं तेव्हा ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा चिमी सहा वर्षांची होती. चिमीच्या वेणीफणीपासून शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीपर्यंत सगळं ताईने अंगावर घेतलं. वडील होते, पण ते आपले नावापुरते होते. पुढे ताई बसच्या डेपोत चौकशीच्या खिडकीवर लागली. लग्नाचं आज बघू, उद्या बघू करता करता राहूनच गेलं. बावीस वर्षं ती त्या खिडकीत बसत होती. काचेला मध्ये एक गोल भोक होतं, त्यातून लोक गावाचं नाव ओरडायचे, आणि ताई वेळापत्रकाकडे न बघता फलाट नि वेळ सांगायची. गर्दीत, इंजिनांच्या घरघरीत, रडक्या पोरांच्या गोंगाटातही तिने कधी कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मग तिला ताप आला. मेंदूच्या आवरणाला सूज होती. अकरा दिवस ती इस्पितळात होती आणि त्यातले चार तिला आठवतच नव्हते. जीव वाचला. घरी आली तेव्हा डावा कान पार गेला होता, आणि उजव्याने सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येत होतं.

आपला प्रोग्राम चालायचा त्याच दवाखान्यात चिमी तिला घेऊन गेली. कानाचे डॉक्टर कमी बोलणारे होते, पण त्या दिवशी त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. ताईला कळावं म्हणून मोठ्याने, सावकाश बोलले.

"या तापानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड वाढायला लागतं. डाव्या कानात ते भरलंच आहे, तिथे आता काही होणार नाही. उजव्यात अजून जागा आहे. तोवर बाहेरचं यंत्र लावून भागवू आणि दर तीन आठवड्यांनी चाचणी घेऊ. पण शब्द पन्नास टक्क्यांच्या खाली गेले की थांबायचं नाही. ऑपरेशन करून आत बारीक तार बसवायची. हाड भरलं की तार जात नाही."

"आणि आत्ता जे थोडं येतंय ते?" ताईने विचारलं.

"ते जाईल. तारेतून वेगळंच ऐकू येईल, नव्याने शिकावं लागेल. पण शब्द कळतील."

ताईने ते चित्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "उरलंसुरलंही काढून घेणार आणि वर शिकवणी लावणार."

पहिल्या चाचणीत चौसष्ट टक्के आले. पेशंटच्या बाजूलाही एक पडदा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत आकडा यायचा. ताईने तो बघितला. घरी परतताना रस्त्यात म्हणाली, "शंभरातले छत्तीस गेले. पण कुठले छत्तीस गेले ते तुझं मशीन सांगत नाही. कामाचे गेले की बिनकामाचे?"

दुसऱ्या चाचणीत अठ्ठावन्न आले, आणि ताईने हातपाय गाळले. चिमीने तिला असं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही, वडील गेले तेव्हाही नाही. तिने डेपोत रजेचा अर्ज टाकला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहू लागली. गॅसवर दूध उतू जायचं आणि ती त्याच्याकडे बघत असायची. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायची. चिमीने काही विचारलं की कानामागे हात धरून "हं?" करायची, आणि चिमीने पुन्हा म्हटलं की "राहू दे" म्हणायची.

"अजून आठ टक्के," एकदा ती आपणहोऊन बोलली. "मग डोकं फोडून घ्यायचं."

चिमीला ते बघवेना. आणि तिच्या हातात एक गोष्ट होती.

वर्षभरापूर्वी चाचणीबाईंनी तिच्याकडून एक सोय करून घेतली होती. लहान मुलांचे आईबाप पेशंटच्या पडद्यावर वीस टक्के, पंचवीस टक्के बघून तिथेच रडायला लागायचे. चाचणीबाई म्हणाल्या होत्या, मुलांसाठी शब्दांऐवजी अक्षरांचे टक्के दाखवा ना, जरा बरा आकडा दिसेल. कारण "कपाट" ऐकवलं आणि मूल "सपाट" म्हणालं तर शब्द चूक धरला जातो, पण तीनातली दोन अक्षरं बरोबर असतात. चिमीने तशी सोय केली. एकेका पेशंटच्या फाईलमध्ये एक खूण होती, ती बदलली की त्याच्या पडद्यावर अक्षरांचे टक्के यायचे. पडद्यावर कशाचे टक्के ते लिहिलेलं नसायचं, नुसतं "आज ऐकू आलं" आणि पुढे आकडा.

प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायला चिमी एका सकाळी दवाखान्यात गेली. चाचणीबाई खाली चहाला गेल्या होत्या. चिमीने ताईची फाईल उघडली आणि ती खूण बदलली.

खोटा आकडा तिने कुठेच लिहिला नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. बरोबर ते बरोबरच होतं. फक्त शब्द मोजून पन्नासाने भागायच्या जागी अक्षरं मोजून दीडशेने भागलं जाणार होतं. डॉक्टरांच्या कागदावर शब्द आणि अक्षरं दोन्ही छापून येत होती, म्हणजे डॉक्टरांपासून काही लपत नव्हतं. ताई चार घास खाईल, एवढंच तिला हवं होतं.

तिसऱ्या चाचणीत ताईचे पन्नासातले तेवीस शब्द बरोबर आले. शेहेचाळीस टक्के. पण दीडशेतली एकशे आठ अक्षरं बरोबर होती, आणि ताईच्या समोरच्या पडद्यावर बहात्तर उमटले.

ताई बंद खोलीतून बाहेर आली ती हसतच. "अगं, चढले. अठ्ठावन्नचे बहात्तर. मला वाटलंच होतं, तापाचा अशक्तपणा होता तो."

डॉक्टरांच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. डॉक्टरांनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"शब्द पन्नासच्या खाली आलेत. आता उशीर करायचा नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख देतो."

ताईला तारीख तेवढी समजली असावी. ती म्हणाली, "कसली तारीख? बाहेर बहात्तर दाखवलंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

डॉक्टरांनी पुन्हा कागद पाहिला. "बहात्तर ही अक्षरं आहेत, बाई. शब्द नाहीत. शब्द शेहेचाळीस आहेत."

ते आता कागदाकडे बघत बोलत होते आणि त्यांचा आवाज खाली गेला होता. ताईने मान वळवून चिमीकडे बघितलं. "काय म्हणाले?"

चिमीने ताईच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. एक वाक्य सांगायचं होतं. ताईचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"ऑपरेशन करून घ्या म्हणतात," चिमी म्हणाली.

"बहात्तर असताना? काही नको. सांग त्यांना."

डॉक्टर चिमीला म्हणाले, "तुम्ही घरी नीट समजावून सांगा. हे तुम्हीच बनवलंय, तुमच्याइतकं कोण चांगलं सांगणार."

"सांगते," चिमी म्हणाली.

जिना उतरताना ताई म्हणाली, "या डॉक्टर लोकांना कापाकापीची भारी हौस. तुझं मशीन होतं म्हणून वाचले मी. ते काही माझ्याशी खोटं बोलणार नाही."

त्याच संध्याकाळी सांगायचं असं चिमीने ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी ताईने किती दिवसांनी कणीक मळली, पेटीतला गणवेश काढून इस्त्री केला, आणि जेवताना डेपोतल्या एका वाहकाची नक्कल करून दाखवली. उद्या सांगू, चिमीने म्हटलं. दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली. मग रविवारी निवांत सांगू असं ठरलं. रविवारी ताईने खिडक्यांच्या काचा पुसायला काढल्या. दवाखान्यातून फोन आला, तारीख पक्की करायची का म्हणून, तर चिमी म्हणाली, "ताई अजून तयार होत नाहीये, थोडा वेळ द्या." हे वाक्य खरं होतं. तिने ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा दवाखान्यातून फोन आला नाही. पुढच्या चाचणीचा दिवस आला तेव्हा ताई म्हणाली, आता कशाला, आणि चिमीने आग्रह केला नाही.

ताई पुन्हा कामावर जायला लागली त्याच्या सहाव्या आठवड्यात खिडकीवर एक म्हातारं जोडपं आलं. त्यांना ज्या गावाला जायचं होतं त्याच्या नावासारखंच, एकाच अक्षराने वेगळं, दुसऱ्या दिशेला एक गाव होतं. ताईने त्यांना त्या दुसऱ्या गाडीत बसवलं. म्हातारीची त्या दिवशी मोठ्या इस्पितळात तपासणी होती, पाच महिन्यांनी मिळालेली. संध्याकाळी त्यांचा मुलगा डेपोत आला. त्याने आरडाओरडा केला नाही. नुसता खिडकीसमोर उभा राहून ताईकडे बघत राहिला, आणि मग साहेबांच्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवसापासून ताईला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, एकेकटे बूट होते, आणि दिवसाकाठी दोन माणसं यायची.

त्यानंतर चिमीला एक गोष्ट दिसू लागली. ताई सकाळी दात घासताना, केस विंचरताना ओठ हलवून काहीतरी पुटपुटायची. जवळ गेल्यावर कळलं की ती गाड्यांच्या वेळा म्हणत होती. फलाट एक, फलाट दोन, असं क्रमाने. एकही चुकत नव्हती.

"काय करतेस?" चिमीने खुणेने विचारलं.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. "चिमे, एक विचारू? मला बहात्तर टक्के ऐकू येतं ना?"

ताईने उत्तराची वाट बघितली नाही.

"मग माणसं बोलतात ते मला का कळत नाही? आवाज येतो. अक्षरं येतात. पण त्यांचं काही होत नाही. म्हणजे कान नाही बिघडलेला. डोकं बिघडलंय. मेंदूला सूज आली होती ना, तिथेच काहीतरी राहून गेलंय. म्हणून मी पाठांतर करून बघते रोज. अजून तरी सगळं आठवतंय, पण हे असंच सुरू होत असणार. मग एक दिवस तू कोण तेही कळणार नाही." ती थांबली. "तुला सांगणार नव्हते. तू उगाच जीव टांगणीला लावून घेशील."

चिमी ताईसमोर जमिनीवर बसली. "ताई, तो आकडा शब्दांचा नव्हता."

"काय वाकडा?"

"आकडा. आकडा, ताई."

ताईने कानाला हात लावला, यंत्राचा आवाज वाढवला, आणि मान हलवली. चिमी उठली, विजेच्या बिलाची मागची कोरी बाजू घेतली आणि लिहायला बसली. तिने सगळं लिहिलं. कपाट आणि सपाट लिहिलं, पन्नास आणि दीडशे लिहिलं, खूण कुणी बदलली ते लिहिलं, डॉक्टर त्या दिवशी खरं काय म्हणाले ते लिहिलं. शेवटी लिहिलं, तुझं डोकं ठीक आहे.

ताईने कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ओळीखाली बोट धरलं होतं.

"डॉक्टर माझ्यासमोर बसून हे बोलले."

चिमीने मान हलवली.

"आणि मी तुला विचारलं, काय म्हणाले."

चिमी रडायला लागली. ताईने कागदाची घडी केली. ती चिडली नाही, उठून चिमीला जवळही घेतलं नाही. "दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?" एवढंच तिने विचारलं.

त्या दिवशी चाचणीत पन्नासातले नऊ शब्द आले. डोक्याचा फोटो काढायला दुसऱ्या इमारतीत जावं लागलं, त्याचा निकाल दोन दिवसांनी मिळाला. डॉक्टरांनी तापानंतर काढलेला जुना फोटो आणि हा नवा शेजारी शेजारी लावले. जुन्यात शंखाची वेटोळी काळी, मोकळी दिसत होती. नव्यात ती बहुतेक पांढरी झाली होती.

चिमीने डॉक्टरांना सगळं सांगितलं. चाचणीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, समजावून सांगा," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"तेव्हा तार अख्खी गेली असती." त्यांनी फोटो उतरवले. "आता प्रयत्न करता येईल. पण आशा ठेवा असं मी म्हणणार नाही."

हे त्यांनी एका कागदावर लिहून ताईला दिलं. ताईने वाचलं आणि खाली सही केली.

ऑपरेशन चार तास चाललं. तार पाव हिस्साही आत गेली नाही. महिन्याभराने तारेला जोडलेलं यंत्र सुरू केलं तेव्हा चाचणीबाईंनी विचारलं, काही येतंय का. ताई डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "दारावर कुणीतरी थाप मारतंय असं वाटतं. कोण आहे ते कळत नाही." त्या दिवसापासून पुढे पाच महिने, आठवड्यातून दोनदा, ती शिकवणीला गेली. थापच येत राहिली, कधी जवळून, कधी लांबून. पन्नास शब्दांच्या चाचणीत एकही शब्द आला नाही. पेशंटच्या पडद्यावर शून्य टक्के उमटले, खाली अक्षरांचे चार. आता पडद्यावर दोन्ही आकडे येत होते, आणि कशाचे ते पुढे लिहिलेलं होतं. चिमीला ते करायला पाच मिनिटंही लागली नव्हती. चाचणीबाई तिच्याशी आता कामापुरतंच बोलत. मुलांच्या आईबापांचं काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही, आणि चिमीने सुचवलं नाही.

ताईने नोकरी सोडली. घरात ती पूर्वीसारखी वागत होती, निदान बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची, चिमीच्या डब्यावर झाकण लावायची. चिमीने काही लिहून दाखवलं की वाचायची आणि हो किंवा नाही म्हणायची. पण आपणहोऊन तिने चिमीला कधी काही विचारलं नाही. आज पाणी का नाही आलं, खाली कसली गर्दी आहे, बातम्यांत काय म्हणतात, काहीच नाही. चिमी माफी मागायची तर कशी, लिहून मागायची. तिने तीनदा लिहिली. ताईने तिन्ही वेळा वाचली, "कळलं" म्हणाली आणि कागद कचऱ्यात न टाकता ड्रॉवरमध्ये ठेवला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता यापुढे वर्षातून एकदा आलात तरी चालेल, बदल होणार नाही. चिमीने घरी आल्यावर ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ताईने वाचलं. मग दवाखान्याचा इंग्रजीत छापलेला कागद आणि ती वही घेऊन ती दार उघडून समोरच्या घरी गेली. तिथे एक शिंपीणबाई राहत, त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण त्यांच्याशी ताईची जेमतेम ओळख होती.

ताईला आपला आवाज ऐकू येत नसल्याने ती आता फार मोठ्याने बोलायची. चिमी स्वयंपाकघरात उभी होती, मध्ये दोन दारं होती.

"जरा बघता का हो," ताई म्हणत होती. "या कागदावर आहे तेच हिने वहीत लिहिलंय का? काही वगळलंय का?"

शिंपीणबाईंनी काय खूण केली ते चिमीला कळलं नाही. थोड्या वेळाने ताई परत आली, वही टेबलावर ठेवली, विळी घेतली आणि भाजी चिरायला बसली.